गिळ

वाटी माझ्या डाव्या भुवईवर बसली. जाड बुडाची, स्टीलची, निम्मी भरलेली. नाचणीची आंबील डोळ्यात गेली, तिच्या मागोमाग रक्त गेलं, आणि मी नक्की काय पुसतेय ते कळायच्या आत आबांनी दुसऱ्या हातानं मोबाइल उचलून भिंतीवर हाणला.

"ही टवळी परत बोलली तर हिरीत टाकीन," आबा म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. घशातल्या गाठीनं त्यांच्या आवाजाचा पार भुगा केला होता. एके काळी ज्यांची हाक ओढ्यापलीकडं ऐकू जायची त्यांचं बोलणं आता खाटेजवळ वाकून ऐकायला लागत होतं.

मोबाइल काही फुटला नाही. भिंतीखाली पालथा पडून त्यातली बाई त्याच गोड आवाजात विचारत राहिली, "आज गिळायला त्रास झाला का? नाही, थोडा, की खूप?"

"ऐकलंस?" आबा आईकडं वळले. "माझ्या घरात, मला, गिळ म्हणतीया!"

"गिळ म्हणत न्हाई ओ. गिळाय तरास हुतो का म्हणून इचारतीया." आईनं पदराचा बोळा करून माझ्या भुवईवर दाबला होता. "आणि तिला काय कळतंय? मशीन हाय ती."

"मग मशीनला सांग. येसबा मगदूम कुणाच्या बाचं ऐकून गिळत न्हाई."

हे आठ वर्षांपूर्वीचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. गुडघा गेल्यावर माझी कुस्ती सुटली होती आणि गावच्याच हायस्कूलात मी पोरींना खेळ शिकवत होते. आबा म्हणजे माझे वडील, येसबा वस्ताद. कागलपासून आत आमचं गाव, घराच्या परड्यात आबांची तालीम. तिच्या मातीत तीस वर्षं पोरं घडली आणि त्या पोरांत एक मी, विजयमाला, पोरगी. गावानं तोंडात बोटं घातली, पण येसबा वस्तादाला तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. हाताला लागेल ते फेकून मारणारा माणूस. मीही त्यांचीच लेक. मारकुटी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच हळहळायला नको.

आमच्या घरात 'जेव' आणि 'गिळ' हे दोन वेगळे शब्द होते. आई म्हणायची 'जेव'. आबा म्हणायचे 'गिळ'. पहाटे शंभर जोर, दोनशे बैठका, मग माती, आणि मग समोर सहा उकडलेली अंडी. घशाखाली जात नसली तरी आबा वेताची छडी घेऊन समोर उभे. "गिळ!" उलटी झाली तर पुन्हा सहा. "गिळ!" आता दवाखान्याच्या त्या ॲपवर घशाच्या आजाराचा सरळ साधा प्रश्न होता, गिळायला त्रास होतो का. शब्दाचा काही दोष नाही. पण जन्मभर जो शब्द माणसानं छडीसारखा चालवला, तोच दर दोन तासांनी त्याच्या उशाशी वाजायला लागला तर वाटी उडणारच.

ॲपचं नाव 'घास'. कोल्हापूरच्या दवाखान्यात पहिल्या केमोला गेलो तेव्हा केतकी मॅडमनी ते माझ्या मोबाइलमध्ये घालून दिलं. त्या आहारतज्ज्ञ. पोरगेलीच, चष्मा लावणारी, पण बोलायला खमकी.

"केमोमध्ये अर्धी लढाई ताटात असते, ताई," त्या म्हणाल्या. "काय खाल्लं त्याचा फोटो टाकायचा. सकाळी काट्यावर उभं करून वजनाचा फोटो टाकायचा. तोंड आलं, मळमळ झाली, गिळताना दुखलं, सगळं इथं सांगायचं. मी रोज बघते. मऊ, गार, थोडं थोडं, पण दर दोन तासांनी. त्यांना आवडतं काय?"

"तालमीतली थंडाई," मी म्हटलं. "दूध, बदाम, खसखस, वर तूप."

"अहो, मग प्रश्नच मिटला! मिरी घालू नका, बाकी सगळं चालेल. दिवसातून तीन वेळा द्या."

आणि डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं ते वेगळंच. वजन त्रेसष्ट होतं. "अठ्ठावन्नच्या खाली गेलात वस्ताद, तर नाकातून नळी घालावी लागेल. जेवण नळीतनं."

 गाडीत बसल्यावर आबा म्हणाले, "बैलाच्या नाकात घालत्यात. येसण."

दीड महिना झाला. थंडाईचा पेला मी दिवसातून तीनदा नेत होते आणि आबा तीनदा भिंतीकडं तोंड करत होते. आंबील दोन चमचे. दहीभात कालवून, चाळणीतून काढून, चार चमचे. थंडाईला मात्र ओठ लावायचे नाहीत. मी विनवण्या केल्या, आईनं बिरोबाची शपथ घातली. आबा मान हलवायचे. आम्ही समजलो, बदामाचा कण आलेल्या तोंडाला टोचत असणार. मी बदाम कापडातून गाळले. तरी नाही.

पण वजन बरं होतं. रोज सकाळी धोतर, बंडी, वर स्वेटर अशा थाटात आबा काट्यावर उभे राहायचे आणि मी फोटो काढायची. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न शंभर. अठ्ठावन्न. मी देवापुढं साखर ठेवायची.

वाटी उडाली तो सोमवार. मंगळवारी सकाळी तिसरी केमो होती. भुवईवर हळद दाबून मी न्हाणीजवळ बसले होते तेवढ्यात केतकी मॅडमचा फोन आला.

"ताई, तुमचा वजनकाटा बिघडलाय का?"

"न्हाई. का?"

"मी आलेख बघतेय. ताटाचे फोटो बघतेय. चार दिवसांत आबांनी मिळून दोन वाट्या खाल्ल्यात. आणि वजनाची रेघ अगदी सरळ आहे. केमोत सरळ रेघ नसते, ताई. एवढं कमी खाऊन तर नसतेच नसते."

"मग?"

"मग काटा खोटं बोलतोय. तुम्ही स्वतः उभं राहून बघा. हे आजच कळायला हवं, कारण उद्याच्या औषधाचा डोस वजनावरच निघतो. पाच-सहा किलो जास्त धरून औषध गेलं, तर झेपणार नाही त्यांना. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. माणूस जाऊ शकतो."

मी काट्यावर चढले. एकाहत्तर. शाळेतल्या काट्यावरही माझं एकाहत्तरच भरायचं. काटा बरोबर होता.

काटा खोटं बोलत नसेल तर कोण बोलतंय, हे मला त्याच पावली कळलं. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. ती दुखायला लागली.

पंधरा वर्षांची होते मी. जिल्ह्याच्या निवडीला शेहेचाळीस किलोत उतरवायचं आबांनी ठरवलं होतं आणि मी चव्वेचाळीसच्या वर सरकत नव्हते. अंडी घशाखाली उतरत नव्हती, उतरली तर राहत नव्हती. रोज सकाळी तालमीतल्या काट्यावर उभं राहायचं आणि रोज छडी खायची. शेवटी मी ओल्या मातीच्या दोन पुरचुंड्या परकराच्या आत कमरेला बांधल्या. पाच दिवस शेहेचाळीस भरलं. आबांनी गावात पेढे वाटले. सहाव्या दिवशी काट्यावर चढताना एक पुरचुंडी सुटून त्यांच्या पायावर पडली.

"काट्याला फसवतीस?" एवढंच म्हणाले. छडी नव्हती ती, मुद्गलाचा दांडा होता. मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. करंगळी दोन ठिकाणी मोडली. आई मधे पडली तर तिलाही बसली. मग पुढचे आठ दिवस मी हात गळ्यात बांधून दारात बसले होते आणि पोरांच्या पंगतीला थंडाई वाटली जात होती. मी पेला पुढं केला तर आबांनी तो पालथा घातला. "मातीत उतरल्याबिगर थंडाई न्हाई. माझ्या बापाचा नियम हाय. कुणालाबी न्हाई."

त्या दिवशी मी मनात एक ठरवलं होतं. एक ना एक दिवस ह्या माणसाला उताणा पाडून मारायचा. पोरगी म्हणून नाही, पैलवान म्हणून. बारा वर्षं झाली, पदकं झाली, गुडघा गेला, आबांना कॅन्सर झाला. ते ठरवलेलं काही गेलं नाही. मी त्यांच्या तोंडात चमचा धरायची तेव्हाही ते हातात असायचं.

दुपारचे चार वाजले असतील. पोरं पाचला यायची. आबा खाटेवर नव्हते. तालमीच्या दारातून बघितलं तर आखाड्याच्या कट्ट्यावर बसलेले, पाय बाहेर, मातीकडं पाठ. आजार कळल्यापासून ते तालमीत यायचे ते असेच. मातीकडं तोंड करून बसायचे नाहीत.

"उठा आबा," मी म्हटलं. "वजन करायचंय."

"सकाळी केलंय."

"परत करायचंय. स्वेटर काढून."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच त्यांचा हात कमरेकडं गेला, आणि माझ्या अंगाची आग झाली. मी दोन ढांगांत पुढं गेले, स्वेटर वर केला आणि धोतराच्या गाठीला हात घातला.

फाडकन कानाखाली बसली. त्रेसष्ट वर्षांचा, केमोचा, दोन चमचे आंबील पिणारा माणूस, पण हात वस्तादाचाच. डोळ्यापुढं काजवे चमकले. तरी मी गाठ सोडली नाही. सुती पट्टा होता आत. ओढला तसा तो टरकला आणि खण्णकन लोखंड कट्ट्यावर पडलं. एक. दोन. तीन. चार. डंबेलच्या सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या.

पाच किलो. म्हणजे त्रेपन्न. गेल्या केमोलाही त्यांनी दवाखान्यात भर उन्हाळ्यात स्वेटर काढायला नकार दिला होता, "थंडी वाजतीया" म्हणून. मी नर्सबाईंशी भांडून तो अंगावर राहू दिला होता. मी!

"काट्याला फसवतोस?" मी ओरडले.

फसवतोस. आबांना मी जन्मात कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं ते गेलं.

"नळी घालणार हैत ते," आबा घोगरले. "मला येसण घालणार हैत. माझ्या जित्यापणी न्हाई घालू देणार."

"आणि उद्या डोस जास्त गेला तर मरशील!"

"मरतो की. तुझ्या बाचं काय जातंय?"

"माझा बाच जातोय, भाड्या!"

मी त्यांच्या छातीवर दोन्ही हात हाणले. कट्ट्यावरून ते मागं गेले आणि पाठीवर मातीत पडले. धूळ उडाली. मी एकदम थिजले, वाटलं गेला, मेला. तेवढ्यात आबा कुशीवर झाले, गुडघ्यावर आले. डोळे असे लाल, मला ते डोळे माहीत होते. त्यांनी मूठभर माती उचलली आणि माझ्याकडं फेकली. तोंडावर नाही. छातीवर. कुस्ती धरताना टाकतात तशी.

मग जे झालं ते बघणाऱ्यानं पोलीस बोलावले असते.

मी मातीत उडी टाकली. आबांनी माझी मान धरली आणि फुटलेल्या भुवईवर कपाळ आपटलं. हळद, रक्त, सगळं डोळ्यात. आंधळ्यासारखी मी खाली वाकले आणि त्यांचा पट काढला. दोन्ही पाय हातात आले. उचलले तर काही वजनच नाही. ज्या माणसाला मी आयुष्यभर मातीतून हलवू शकले नव्हते तो माझ्या खांद्यावर अर्ध्या पोत्यासारखा आला आणि मला त्याचा इतका संताप आला, की मी आपटला. जोरात आपटला. त्यांच्या तोंडातून हवा बाहेर पडली आणि लाळेतनं रक्त आलं.

"न्हाई खात?" मी त्यांच्या पाठीवर बसून बुक्की मारली. "न्हाई खात? सहा अंडी! सहा अंडी परत परत! कुणी चारली मला? बोल!" दुसरी बुक्की. तिसरी. "करंगळी कुणी मोडली? बोल!"

त्यांनी खालून कोपर मारलं. बरोबर माझ्या गेलेल्या गुडघ्यावर. मी कळवळून बाजूला पडले तर अंगावर आले आणि माझा डावा हात धरला. करंगळी त्यांच्या मुठीत आली. वाकडी करंगळी. एक हिसका दिला असता तर परत मोडली असती, आणि आबांना ते माहीत होतं. त्यांनी ती मुठीत धरली. बघितली. आणि सोडली.

ते सोडणंच मला सहन झालं नाही. मी त्यांचा गळा टाळून खांदे धरले आणि उलटा केला. दोन्ही खांदे मातीला. चीत. वर बसून मी हात उगारला, मूठ आवळलेली.

"तोंडावर मारू नगंस," दारातून आवाज आला. आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली नाही, सोडवायलाही आली नाही. पदर खोचलेला आणि डोळे कोरडे. "बाकी कुठं मारायचं तिथं मार. तोंड आलंय त्यांचं."

माझी मूठ खाली आली. मी आबांवरून उतरले आणि मातीत पालथी पडून रडले. इतकी रडले की नाकातोंडात माती गेली. ह्यात औषध नव्हतं, डोस नव्हता, काळजी नव्हती. कॅन्सरच्या माणसाला मी मारलं होतं, आणि पंधरा वर्षांच्या पोरीसाठी मारलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. त्याचीच लाज वाटत होती.

बऱ्याच वेळानं शेजारून खरखर ऐकू आली.

"माले."

मी मान वर केली. आबा उताणेच पडले होते. केमोनं केस गेलेलं डोकं मातीनं माखलेलं, भुवया मातीच्या, छाती वरखाली होत होती. ते आढ्याकडं बघत होते.

"आता आन," ते म्हणाले.

"काय?"

"थंडाई."

मला कळेना. दीड महिना ज्या पेल्याकडं बघितलं नाही तो आता?

"मातीत उतरलोय न्हवं," आबा म्हणाले. "आता चालतंय."

मी उठून बसले. आईही दारात खाली बसली. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "अगं बया! त्यासाठी व्हय ओ? दीड म्हैना त्यासाठी?"

"नियम हाय," आबा म्हणाले.

मी बदाम कापडातून गाळले होते. पेला बदलून बघितला होता. ॲपवर रोज 'गिळताना दुखतं: खूप' असं लिहिलं होतं आणि केतकी मॅडमनी त्यावर तोंड बधिर करायचं औषध पाठवलं होतं. आम्हा सगळ्यांचं डोकं चाललं होतं त्या पेल्यामागं, आणि आमच्यात मी एकटी होते जिचा पेला त्यांनी एकदा पालथा घातला होता. मलाच सुचायला हवं होतं. ज्याला मातीत उतरता येत नाही त्यानं थंडाई प्यायची नाही, हे त्यांनी मला शिकवलं होतं तेव्हा ते स्वतःसाठीही तेवढंच खरं होतं. माणूस दुष्ट असता तर स्वतःला वगळून नियम केला असता.

आईनं थंडाई आणली. मी आबांना बसतं केलं, पाठीला माझी छाती दिली. त्यांनी आधी पाण्यानं चूळ भरली. मग पहिला घोट घेतला आणि सबंध अंग ताठ झालं. डोळ्यातून पाण्याच्या धारा. घोट तोंडातच. पुढं जाईना.

"गिळ, आबा," मी म्हटलं. कसं म्हटलं ते मला माहीत नाही. आमच्या घरात तो शब्द असा कधी कुणी उच्चारला नव्हता. "गिळ. गेला की झालं. गिळ."

गेला. मग दुसरा. एक पेला संपायला पाऊण तास लागला. पाचला पोरं आली तर आईनं त्यांना दारातूनच पिटाळलं.

शेवटचा घोट झाल्यावर आबांनी माझी करंगळी चाचपली. बघत मात्र समोरच होते.

"फिटलं काय?" त्यांनी विचारलं.

बारा वर्षांचं सगळं त्या दोन शब्दांत होतं. माफी मागायची रीत त्यांना माहीत नव्हती, त्यांच्या बापानंही कधी मागितली नसणार. मी विचार केला. 

"न्हाई," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली.

"मग उद्या परत ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी चारही चकत्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. केतकी मॅडमनी जी माझी हजेरी घेतली तशी शाळेत मी पोरींचीही घेतली नसेल. "पांढऱ्या पेशी किती कमी आहेत माहितेय? मातीत लोळवलंत? आपटलंत?" आबांची एक बरगडी चिरली होती. डॉक्टरांनी केमो दहा दिवस पुढं ढकलली आणि डोस त्रेपन्नवर धरला. आबांना मातीत उतरायची सक्त मनाई झाली. आबांनी स्वेटर काढून ठेवला होता. ते केतकी मॅडमला म्हणाले, "हात तरी लावू द्या." त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "हातमोजा घालून."

तसं चाललं. रोज सकाळी मी आबांना खुर्चीसकट आखाड्याच्या काठाला न्यायची. ते हातमोजा घालून मातीला हात लावायचे, कपाळाजवळ नेल्यासारखं करायचे. मग ॲप वाजायचं, थंडाई यायची. पुढं नळी लागलीच, महिनाभर. आबांनी ती लावून घेतली. थंडाई नळीतून गेली, पण त्याआधी मातीला हात. केतकी मॅडमनी त्यांच्या ॲपमध्ये काय केलं कोण जाणे, आबांच्या यादीत जेवणाआधी एक ओळ यायला लागली, 'मातीला हात लावला का?' ती ओळ आबा स्वतः दाबायचे. दुसऱ्याला दाबू द्यायचे नाहीत.

आणि रोज पेला संपला की तोच प्रश्न. "फिटलं काय?"

"न्हाई, आबा."

"मग उद्या ये."

डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते. आबा तीन वर्षं सात महिने जगले. वजन एकोणसाठपर्यंत चढलं होतं मधे. माझ्या शाळेतल्या मुलींची तालीम त्यांच्याच डोळ्यांदेखत सुरू झाली. कुणावर छडी उगारलेली त्यांना चालायची नाही. माझ्यावर डोळे वटारायचे.

शेवटच्या सकाळी त्यांना उठवत नव्हतं. मी वाटीत माती आणली, त्यांची बोटं तिच्यात बुडवली. हातमोजा घातला नाही. थंडाईचे दोन चमचे गेले, तिसरा ओठांतून बाहेर आला. मोबाइल वाजला, गिळायला त्रास झाला का म्हणून. आबांनी बोट नेऊन 'नाही' दाबलं.  मी फसवू दिलं काट्याला.

मग त्यांचे ओठ हलले. आवाज केव्हाच गेला होता, पण मला वाचता येत होतं. फिटलं काय?

फिटलं होतं. त्याच दिवशी, मातीत, त्यांनी माझी करंगळी मुठीत धरून सोडली तेव्हाच फिटलं होतं. तीन वर्षं सात महिने मी रोज खोटं बोलत आले होते.

"न्हाई, आबा," मी म्हटलं. "उद्या येते."